कायमचा पत्ता

कायसर मृधाची तीन बोटं मोडली ती नळ आवळायच्या पान्याने. मोडणाऱ्याने आधी रीतसर विचारून घेतलं, "लिहिताना कुठली कुठली लागतात?" अशा वेळी माणसाने खोटं बोलावं. करंगळी म्हणावं, डावा हात पुढे करावा. पण कायसरने चौदा वर्षं बातमीदारी केली होती, आणि समोरून प्रश्न नीट आला की खरं उत्तर तोंडातून निसटायचं, ही त्याची खोडच होती. "अंगठा, ही आणि ही," त्याने सांगितलं. त्या माणसाने मान डोलावली आणि त्याच क्रमाने बोटं मोडली.

अपराध म्हणाल तर बारा पत्रकं. वर्षभरात बारा माणसं 'चकमकीत' मेली होती, बारा वेगवेगळ्या जिल्ह्यांत. प्रत्येक मरणाचं सरकारी पत्रक कायसरने जपून ठेवलं होतं. एके दिवशी त्याने ती बाराही पत्रकं एकाखाली एक, पानभर छापली. स्वतःचं एक अक्षर घातलं नाही. गुप्त माहितीवरून सापळा, साथीदारांचा गोळीबार, स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर, एक गावठी पिस्तूल, नशेच्या गोळ्यांची एक पुडी. नाव आणि गाव तेवढं बदललेलं. एका पत्रकात तर नाव बदलायचंही राहून गेलं होतं, त्यामुळे आधीच मेलेला माणूस दुसऱ्यांदा मेला होता. ढाका दोन दिवस हसलं. तिसऱ्या दिवशी मगबाजारच्या गल्लीत, चहाच्या टपरीवरून, काळ्या काचांच्या गाडीने कायसरला उचललं.

नऊ दिवस त्याला एका खोलीत ठेवलं. तिथे पाण्याचा ड्रम होता, त्यात डोकं बुडवायचे. तळपायांवर मारायचे ते ओल्या दोरखंडाने, म्हणजे कातडं फाटत नाही. दहाव्या दिवशी त्याला बांधावर टाकून दिलं, एका पायात चप्पल आणि खिशात दहा टका. बहुधा कुणाला तरी वाटलं असेल, एवढं पुरे. कायसरलाही तसंच वाटलं. दोन महिन्यांनी तो देशाबाहेर होता.

ज्या थंड देशात तो पोचला तिथे कोळंबी सोलायच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. कोळंबी आपल्याच खाडीतली, बर्फात गोठून आलेली. सात धड बोटांनी तो ती सोलायचा आणि उरलेल्या वेळात फोनवर लिहायचा. त्याने एक पोर्टल काढलं, नाव ठेवलं 'बारा'. गावाकडून, ठाण्यांमधून, इस्पितळांच्या शवागारांतून माणसं त्याला कागद पाठवायची आणि तो ते छापायचा. देशातली वर्तमानपत्रं गप्प होती, त्यामुळे 'बारा' लाखो लोक वाचत होते.

मग पासपोर्टची मुदत संपत आली. पासपोर्ट गेला की कामाचा परवाना जाणार, परवाना गेला की हाकलणार, आणि हाकलून पाठवणार कुठे, तर त्याच खोलीत. सगळ्यांनी सांगितलं, काही कर पण आपल्या दूतावासाची पायरी चढू नकोस. तो चढला. दुसरा इलाज नव्हता.

खिडकीमागे वदूद नावाचा कारकून बसला होता. गोल चेहरा, पानाने रंगलेले ओठ, स्वेटरवर स्वेटर. त्याने अर्ज घेतला, नाव वाचलं, आणि आपल्याकडचा कुठलाही माणूस दुसऱ्याला पहिल्यांदा विचारतो तेच विचारलं.

"गावचं घर कुठलं?"

"झालकाठी," कायसर म्हणाला.

"मायला, मग आपल्याकडलंच की!" वदूद एकदम बरिशालच्या बोलीवर आला. "झालकाठीत कुठं? विषखाली नदीच्या ह्या अंगाला का त्या अंगाला?"

दोन वर्षं कायसरने ही बोली ऐकली नव्हती. मेणबत्तीजवळ ठेवलेल्या लोण्यासारखा तो पाघळला. नलबुनिया गाव, त्याने सांगितलं. घाटावर उतरलं की उजवीकडे, मशिदीपुढे, फणसाच्या जोडझाडाशी. मोठा भाऊ हेलाल, त्याची पेरूची बाग, श्रावणात नावा भरभरून पेरू जातो. आम्मा त्याच्याकडेच असते.

"पेरू तर तुमच्याकडला," वदूद म्हणाला. "लिवा, लिवा. कायमचा पत्ता नीट लिवा बरं. न्हाईतर तपासणीत अडकतंय."

आपल्याकडे कायमचा पत्ता म्हणजे माणूस राहतो तो नव्हे. तो बापाचा, आज्याचा. आयुष्यभर ढाक्यात राहिलेला माणूसही त्या रकान्यात गावच लिहितो आणि छाती फुगवून लिहितो. पोलीस चौकशीला जातात तेही तिथेच. कायसरने भाड्याच्या खोलीचा पत्ता घालायला हवा होता, कुठलंही खोटं गाव घालायला हवं होतं. त्याने नलबुनिया लिहिलं, हेलालचं नाव लिहिलं, हेलालचा फोन नंबर लिहिला, आणि कुणी विचारलेलं नसताना कोपऱ्यात लिहिलं: 'फणसाच्या जोडझाडाशी'.

बावीस दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, त्याचा फोन वाजला. हेलालचा नंबर. कारखान्यात दुपारचा एक झाला होता, म्हणजे गावाकडे संध्याकाळचे सहा, सूर्यास्ताच्या नमाजाची, मगरिबची वेळ जवळ आलेली.

"कायसरभाई," आवाज हेलालचा नव्हता. मऊ होता, अदबीचा होता, शाळामास्तर असतो तसा. "तुमच्या भावाच्या हातचे पेरू खाल्ले. सुरेख आहेत. ते पोर्टल तेवढं बंद करा. मगरिबच्या अजानीपर्यंत वेळ आहे. अजानीनंतर मी कुणाला थांबवत नाही."

मग त्याने फोन कुठेतरी टेकवून ठेवला असावा, कारण सगळं ऐकू येऊ लागलं. वल्ह्याने मारत होते. ओलं लाकूड अंगावर बसतं तो आवाज कायसरला ओळखू आला. हेलाल आधी ओरडत होता, मग नुसता हुंकारत होता. आम्मा म्हणत होती, त्याला सोडा रे, तो लिहीत नाही, त्याला लिहिता येत नाही. खरं होतं ते. हेलाल चौथीतून शाळा सोडून बागेत उतरला होता, धाकट्याने शिकावं म्हणून.

कायसरने तिथल्या तिथे पोर्टल बंद केलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "बंद केलं," तो फोनमध्ये ओरडला, "बघा, बंद केलं!" आजूबाजूची माणसं डबे सोडून त्याच्याकडे पाहत राहिली. फोनमधून अजान ऐकू आली, गावच्या मशिदीची, मुअज्जिनच्या त्याच ओळखीच्या चिरक्या आवाजात. अजान संपली आणि मारणं थांबलं नाही.

त्यांनी हेलालला नावेत घालून नेलं. सकाळी तो नदीतल्या खालच्या वाळूच्या चरावर मिळाला, छातीत दोन गोळ्या. उशाशी एक गावठी पिस्तूल, खिशात नशेच्या गोळ्यांची पुडी. दुपारच्या बातम्यांत निगार सिकदार नावाच्या निवेदिकेने पत्रक वाचलं. देशात तेव्हा सगळ्यात जास्त पाहिली जाणारी ती बाई. गुप्त माहितीवरून सापळा, साथीदारांचा गोळीबार, स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर. तेरावं पत्रक, शब्दाला शब्द. शेवटी तिने भुवई उंचावून स्वतःचं एक वाक्य जोडलं: "भाऊ परदेशात बसून देशाला नीतीचे धडे देतो, आणि घरात धंदा हा." ती भुवई कायसरने शेकडो वेळा पाहिली असेल. पासपोर्ट त्याला मिळाला नाही तो नाहीच.

पुढची नऊ वर्षं त्याची कारकीर्द झाली ती हेलालच्या मरणावर. हे त्याला कुणी बोलून दाखवलं नाही, पण तो स्वतःशी म्हणायचा. त्या देशाने त्याला आसरा दिला, कागद दिले. तो मोठमोठ्या सभागृहांत बोलायला उभा राहू लागला. वाकडी बोटं वर करून दाखवायचा, तेरा पत्रकं वाचायचा, लोक उठून उभे राहायचे. कुठल्या देशाच्या कुठल्या मंत्र्याला कोणता प्रश्न टोचतो हे त्याला कळायला लागलं. कोट नीट बसायला लागला. दुःखालाही सरावाने इस्त्री होते.

आणि मग देशात तो उन्हाळा आला. पोरं रस्त्यावर उतरली, त्यांच्यावर गोळ्या चालल्या, शेकडो मेली, आणि ज्यांनी पंधरा वर्षं कुणाला मान वर करू दिली नव्हती ते एका दुपारी पळून गेले. नव्या सरकारला परदेशात ओळखीचे चेहरे हवे होते. कायसरला फोन आला, राजदूत व्हाल का? कुठल्या देशात, त्याने विचारलं. तुम्ही जिथे आहात तिथेच, सोयीचं पडेल, ते म्हणाले.

तो हो म्हणाला. देशसेवा वगैरे त्याने भाषणात सांगितलं. खरं कारण एकच होतं. त्या खिडकीमागे वदूद अजून बसत होता.

पहिल्या दिवशी वदूदच फुलांचा गुच्छ घेऊन दारात उभा होता. केस पांढरे झाले होते, स्वेटर मात्र दोनच. हेलालचा पत्ता कुठल्या खिडकीतून फुटला ते सगळ्या कचेरीला ठाऊक होतं, आणि सगळी कचेरी आता काय होतं ते बघायला जमली होती. कायसरने गुच्छ घेतला.

"कसे आहात, वदूदभाई?"

"दुवा आहे, सर." बरिशालची बोली कुठल्या कुठे पळाली होती.

"गावचं घर कुठलं हो तुमचं? मागे विचारायचं राहून गेलं."

वदूदच्या ओठांवरचं पानही पांढरं पडल्यासारखं झालं. "आता तिकडं कुणी नसतं, सर," तो म्हणाला.

कायसरने त्याला काढलं नाही. काढणं सोपं होतं. रोज सकाळी दहाला वदूदने चहा आणायचा, टेबलाशी उभं राहायचं आणि साहेबांचा चहा संपेपर्यंत हलायचं नाही. कधीकधी तो चहा तासभर संपत नसे. तो उभा असताना कायसर आपली वाकडी बोटं एकेक करून चोळत बसायचा. बोलायचा काही नाही. हा क्रूरपणा आहे हे त्याला कळत होतं, आणि त्या दिवसांत तोच एक त्याला गोड लागत होता.

बाकी राजदूताचं काम त्याला जमलं. पत्रकार असताना 'मारलं' लिहायचा, आता 'दुर्दैवी घटना' म्हणायला शिकला. देशात जुन्या राजवटीच्या लोकांची घरं जळत होती. जमाव जमायचा, गेट तोडायचा, आत जे सापडेल त्याला बाहेर ओढायचा. कुणाचे हात तोडले, कुणाला झाडाला बांधून विटांनी ठेचलं, आणि सगळं फोनवर थेट दाखवलं. इथल्या परराष्ट्र खात्याने विचारलं तेव्हा कायसर म्हणाला, "दीर्घकाळ दबलेल्या जनतेचा उद्रेक आहे, आम्ही गांभीर्याने पाहत आहोत." बाहेर पडल्यावर जिन्यात त्याला स्वतःचीच थोडी किळस आली. पण सत्तेची वीण एकच असते, सूत तेवढं बदलतं, असं म्हणून त्याने ती झटकली.

हिवाळ्यात ढाक्यातल्या एका टेबलावरून पत्र आलं. पळून गेलेल्यांपैकी कुणी पासपोर्टला अर्ज केला तर मंजूर करू नये, तपशील मात्र कळवावा. खाली सही होती, शिक्का नव्हता.

आणि एका सोमवारी टपालात निगार सिकदारचा अर्ज आला.

तिलाही पळावं लागलं होतं. याच देशात, दुसऱ्या शहरात, नवऱ्याच्या चुलत भावाकडे ती राहत होती आणि फोनवर व्हिडिओ करून नव्या सरकारविरुद्ध बोलायची. कायसरने दार लावून घेतलं आणि अर्ज टेबलावर पसरला. फोटोतली भुवई तीच. नऊ वर्षांनी देवाने काय वाढून ठेवलं होतं ताटात! कायमचा पत्ता: सोनाकुर, मधुमतीच्या काठी. वडील: अब्दुल मतीन, निवृत्त मुख्याध्यापक. वडिलांचा फोन.

तो अर्ज त्याने पाठवलाही नाही आणि फाडलाही नाही. दोन दिवस खणात ठेवला. मधूनमधून खण उघडायचा, बघायचा, बंद करायचा. मतीन मास्तराला वल्ह्याने मारताहेत आणि निगार फोनला कान लावून ऐकते आहे, हे चित्र त्याने मुद्दाम डोळ्यांपुढे आणलं. ते आलं, नीट आलं. माणसाने आपल्या मनाबद्दल खोटं बोलू नये. त्याला बरं वाटलं.

बुधवारी दुपारी त्याने तो पुन्हा काढला, आणि तोपर्यंत न वाचलेल्या दोन ओळी त्याला दिसल्या. कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, कुणी विचारलेलं नसताना तिने लिहिलं होतं: 'ईदगाहच्या मागे, निळं फाटक. कुणालाही मास्तरांचं घर विचारा.'

फणसाचं जोडझाड त्याच्यापुढे उभं राहिलं. बाईनेही तेच केलं होतं. सगळ्या देशाशी खोटं बोलली ती, आणि हा एक रकाना आला तेव्हा खरं लिहून बसली.

त्याने वदूदला हाक मारली.

"हा अर्ज ढाक्याला जायचा नाही. नोंद करू नका, पत्त्याचं पान काढून टाका."

"सर, तो तर सोमवारीच गेला."

"कुणी पाठवला?"

"मी. टपाल उघडतानाच फोटो काढून पाठवतो ना. अर्ज आला की त्याच दिवशी जातो, सर. पहिल्यापासनंच तसं हाय." घाबरून तो बोलीवर आला. "तुमाला वाटलं तुमीच धाडनार? साहेब लोकांपत्तूर कागद येतो तवर तो कवाच गेलेला असतो. तुमच्या टायमालाबी तसंच. मला कुनी सांगितलं न्हाई त्याचं पुढं काय करत्यात."

कायसरने त्याचा उजवा हात धरला, उघड्या खणात दाबला आणि खण लाथेने बंद केला. एकदा. मग पुन्हा एकदा. हाड मोडल्याचा आवाज झाला, कायसरला ओळखीचा. वदूद गुडघ्यांवर आला. त्याच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं, पण तो किंचाळला नाही.

"मारा, सर," तो धापा टाकत म्हणाला. "मारा, तुमचा हक्क हाय. पन आदी फोन करा. आता बावीस दिस लागत न्हाईत. पत्ते लगेच फेसबुकवर पडत्यात, तिसऱ्या दिवशी मानसं जात्यात. आज तिसरा."

घड्याळात सव्वाबारा झाले होते. म्हणजे सोनाकुरात सव्वापाच. हिवाळ्यात मगरिब साडेपाचच्या आतच, मग अंधार, आणि जमाव अंधारातच निघतो.

त्याने मास्तरांचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग अर्जावरचा निगारचा.

"राजदूत साहेब स्वतः?" ती हसली. "पासपोर्ट देताय की काय?"

"निगार आपा, वडिलांना घरातून हलवा. आत्ता. शेजारी कुणाला तरी फोन करा. तुमचा पत्ता बाहेर गेला आहे."

"थांबा हं, रेकॉर्डिंग लावते. हां, बोला. धमकी देताय?"

"सांगतोय. जमाव जाणार आहे."

"माझ्या अब्बांनी त्या गावाच्या तीन पिढ्या शिकवल्यात. जमावातल्या निम्म्यांचे कान त्यांनीच पिळलेत. त्यांना कोण हात लावतंय? मी निघाले त्याला दोन महिने झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांचा डबा चुकवलेला नाही."

"माझ्या भावालाही गाव ओळखत होतं."

"तुमच्या भावाचं माझ्यापुढे काढू नका. कागद समोर आला, मी वाचला. भ्यायले बिले नाही मी. देश सोडला म्हणजे अब्बांनी घर सोडावं? कायमचं घर आहे ते. तुमच्यासारख्यांच्या फोनवर ते उठून गेले तर तुम्ही फोटो काढून छापाल, बघा, पळाला म्हणून."

सोनाकुरात पाच वाजून अठरा मिनिटं. गयावया करून ही बाई ऐकणार नव्हती. पंधरा वर्षं तिने लोकांची गयावया ऐकली होती, आणि भुवई उंचावली होती. कशाने ऐकेल, ते कायसरला माहीत होतं. तो आवाज नऊ वर्षं त्याच्या कानात बसला होता. रेकॉर्डिंग चालू आहे हेही त्याला माहीत होतं. खुर्चीत तो मागे टेकला आणि आवाज मऊ केला, अदबीचा केला.

"निगार आपा, तुमच्या अब्बांचं निळं फाटक सुरेख आहे. मगरिबच्या अजानीपर्यंत वेळ आहे. अजानीनंतर मी कुणाला थांबवत नाही."

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. त्याने फोन ठेवला. खाली जमिनीवर वदूद त्याच्याकडे असा पाहत होता की जणू खोलीत तिसराच माणूस आला आहे.

मग करण्यासारखं काही नव्हतं. कायसरने वदूदला उठवून खुर्चीवर बसवलं, पहिल्यांदाच. चहाच्या खोलीतून बर्फ आणून फडक्यात बांधून दिला. दोघे टेबलावरच्या फोनकडे पाहत बसले. दहा मिनिटांत कुणीतरी थेट दाखवायला लागलं. दोन-अडीचशे माणसं, मशाली नाहीत, फोनचेच दिवे. निळं फाटक पहिल्या धक्क्याला आडवं झालं. "मास्तर कुठाय? म्हाताऱ्याला बाहेर काढा!" खिडकीतून पलंग आला, पुस्तकांचं कपाट आलं. अडवायला आलेल्या एका शेजाऱ्याला लोखंडी सळईने मारलं, त्याचा जबडा लोंबला आणि तो तसाच दोन हातांत धरून बसला. पेट्रोल ओतलं. गोठ्यातली गाय कुणी सोडली नाही. तिचं हंबरणं संपेपर्यंत बराच वेळ गेला आणि फोन धरणारा हसत होता. म्हातारा सापडला नाही. निगारने शेजारी फोन केला होता; परसातून तळ्याच्या काठाने त्याला कुणीतरी हातगाडीवर घालून, वर ताग टाकून, पलीकडच्या गावी नेलं होतं. अजान सुरू व्हायला चार मिनिटं असताना.

"वाचला, सर," वदूद म्हणाला, आणि मोडका हात छातीशी धरून लहान मुलासारखा रडायला लागला. कायसर रडला नाही. बसून राहिला.

निगारने रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी लावलं. लावणारच. जळलेल्या घराचं चित्र आणि वर राजदूताचा मऊ आवाज. दोन दिवसांत ते जगभर फिरलं. ज्या सभागृहांत लोक त्याच्यासाठी उठून उभे राहिले होते, त्यांनी आपापल्या भिंतींवरून त्याचे फोटो उतरवले. ढाक्याने हात झटकले. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला: "हा आवाज तुमचा आहे का?"

"माझा आहे," कायसर म्हणाला. पत्ता कुणी पाठवला, कुणाच्या पत्रावरून पाठवला, हेही त्याने सांगितलं. अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवून ते ऐकलं, आणि संपल्यावर उचलली. नेमणुकीला बारा महिनेही पुरे व्हायच्या आत राजदूताला परत बोलावण्यात आलं.

शेवटच्या दिवशी तो खोकी बांधत असताना आम्माचा फोन आला. बोटांनी फोन धरवेना म्हणून त्याने तो टेबलावर ठेवून स्पीकरवर टाकला. पाठीमागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"टीव्हीवर तुजा आवाज लावला, कायसर."

"हो, आम्मा."

"ते शब्द मला ठावं हायत. माझ्या अंगनात उभा ऱ्हाऊन बोलला व्हता तो. हेलालच्या फोनातनं."

"हो."

"तूच बोलला?"

"मीच बोललो, आम्मा."

आम्माने कोंबड्यांना हुसकलं.

"मास्तर जित्ता हाय का?"

"आहे. बहिणीकडे आहे."

"त्या फोनानं वाचला?"

"त्याच फोनाने."

"मग," आम्मा म्हणाली, "हेलालच्या टायमाला आपल्याला असा फोन कुनीच का न्हाई केला रं?"

दारात वदूद उभा होता. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, डाव्या हातात चहाचा कप. दहा वाजले होते. कायसरने त्याच्याकडे पाहिलं आणि फोन टेबलाच्या पलीकडे सरकवला.

"आम्मा, ज्याने करायचा होता तो इथेच उभा आहे. त्यालाच विचार."

वदूदने कप खाली ठेवला. फोन डाव्या हातात घेतला. नुसताच श्वास ऐकू येत होता.

"कोन हाय?" आम्मा म्हणाली. "बोल की बाबा. गावचं घर कुटलं तुजं?"

वदूदने खिडकीकडे पाहिलं, मग कायसरकडे.

"राजापूर, चाची," तो म्हणाला. "हाटाच्या म्हागं. तळ्याच्या काठाला पत्र्याचं घर, दारात कवठाचं झाड हाय. माजी बायकू आन् दोन पोरी तितंच ऱ्हात्यात."